न विझणारी फरशी

ग्रीक भाषेत ‘ॲस्बेस्टॉस’ म्हणजे न विझणारे. अमेरिकेतील आर्मस्ट्राँग कंपनीने विसाव्या शतकात हे खनिज व्हिनाइलच्या फरशांतही मिसळले. अखंड फरशी तंतू धरून ठेवते. ती घासताना, उखडताना धूळ उडते आणि रोग मात्र काही दशकांनी प्रकटतो. उष्णतारोधक मालासह या खनिजावरून उठलेल्या दाव्यांखाली कंपनीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण घेतले; २००६ मध्ये पीडितांसाठी न्यास उभा राहिला. जॉन्स-मॅनव्हिलने १९८२ मध्ये हीच वाट धरली होती. भरपाईसाठी पीडिताने सांगायचे: कोणता माल, कोठे, कोणत्या वर्षी? इतिहासकाराची ही अचूकता धाप लागलेल्या माणसाकडून मागितली जाते. पुराव्याच्या या विषम वाटणीलाच आम्ही या इतिहासाचा गाभा मानतो.