पुरानं धरलेलं इंजिन

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. आबांची पेट्रोलवरची जुनी फोर व्हील जीप बॉनेटपर्यंत बुडाली. भाताची लावणी वाहून गेली होती, म्हणून जीपकडं महिनाभर बघितलंच नाही. मग चावी फिरवली, तर नुसतं खट्ट. सिलिंडरात राहिलेल्या पाण्याच्या गंजानं पिस्टन धरले होते.

ट्रॅक्टरला बांधून अंबरनाथवरून उल्हासनगरला नेली. हा महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथं वसले, १९४९ साली उल्हासनगर नाव पडलं. जीपही युद्धाचंच लेकरू. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीप आपल्याकडं जुळवायला घेतली.

म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला, गिअरबॉक्सचे बोल्ट सोडले आणि चेनकप्पीनं इंजिन वर उचललं. म्हणाला, "भाऊ, पूर उतरल्यावर लगेच प्लग काढून पाणी उपसायचं, तेल सोडायचं. इंजिन वाचलं असतं."

आबा काही बोलले नाहीत. रिकाम्या जागेत बघत राहिले.

२०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा शेतपंपाचं इंजिन मी आधीच उंचावर नेऊन ठेवलं होतं. बघायला आबा नव्हते.