इंजिन तेलगळती

इंजिन तेलगळती म्हणजे मोटारीच्या इंजिनातील वंगणतेल सांध्यांतून बाहेर झिरपणे. तेलाची पातळी डिपस्टिकच्या खालच्या खुणेखाली गेल्यास बेअरिंग जाम होण्याचा, तर तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडल्यास आग लागण्याचा धोका असतो.

कुर्ला (मुंबई) येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत बुचाची पॅकिंग आणि रबरी ऑइल सील वयोमानाने कडक होतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पातळ झालेले तेल अशा फटींतून लवकर वाट काढते.

जमिनीवरचा डाग मात्र फसवा असतो. तेल ओघळत खाली येते आणि वाऱ्याने मागे पसरते. टॅपेट कव्हरमधून निघालेले तेल चेंबरवरून टपकते व दोष चेंबरच्या पॅकिंगला दिला जातो. त्यामुळे थंड इंजिन धुऊन, कोरडे करून थोडा वेळ चालवावे आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. पॅकिंग बदलण्यापूर्वी ब्रीदर नळी पाहणे अगत्याचे आहे. ती तुंबल्यास आतील दाब वाढून नवी पॅकिंगही गळू लागते. कव्हरचे नट प्रमाणाबाहेर आवळणे ही नेहमीची चूक. त्याने बूच चिरडते व गळती वाढते. क्रँकशाफ्टचे मागील सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.