बायबलवर आधारित भूमिका-खेळ : फासे कोठे थांबावेत?

टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. इतर जण एकेक पात्र स्वीकारून त्याची कृती बोलून दाखवतात आणि यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. यास आम्ही ‘भूमिका-खेळ’ म्हणू. या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (अमेरिका, १९७४) ओळखला जातो. त्यातील मंत्रतंत्र व भुते यांमुळे १९८० च्या दशकात तेथील अनेक ख्रिस्ती कुटुंबे धास्तावली. काहींनी त्याचा निषेध केला. काहींनी मात्र पर्यायी खेळ रचले.

तीन उदाहरणे

डिक वुल्फ यांच्या ‘ड्रॅगनरेड’ (१९८४) या खेळात संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील पवित्र आत्म्याची नऊ फळे हेच पात्राचे गुण आहेत. संकटसमयी मंत्राऐवजी खेळाडूने बायबलमधील वचन तोंडपाठ म्हणावयाचे असते. स्कॉट बेनी यांच्या ‘टेस्टामेंट’ (२००३) मध्ये जुन्या कराराचा काळ उभा केला असून पात्राची धर्मनिष्ठा गुणांनी मोजली जाते. व्हिन्सेंट बेकर यांचा ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (२००४) बायबलकथेवर आधारलेला नाही. मॉर्मन पंथाच्या प्रारंभकाळावरून तो सुचला आहे. त्यात तरुण धर्मरक्षक गावोगावी जाऊन पापाचा निवाडा करतात. वाद शब्दांनी आटोपला नाही, तर हातघाईवर आणि शेवटी बंदुकीवर जावे काय, हे खेळाडूनेच ठरवावयाचे असते.

रचनेतील मुख्य प्रश्न

धर्मनिष्ठेला गुण दिले, की ते ‘खर्चून’ चमत्कार मिळवण्याचा मोह होतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगाराने नेमके हेच केले : पवित्र आत्म्याचे दान त्याने पैशाने मागितले आणि पेत्राने त्याला खडसावले. प्रार्थनेचे फळ केवळ बाह्य कृतीवर अवलंबून आहे असे मानणे ही अंधश्रद्धा होय, अशी कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे (परिच्छेद २१११). वचने पाठ करून घेणारा खेळ स्मरणास उत्तम. परंतु वचन म्हणताच राक्षस पडतो, असे मुलांच्या मनावर ठसले तर हानी होते.

म्हणून आम्हांस असे वाटते, की फाशांनी माणसाच्या प्रयत्नाचे फळ ठरवावे, देवाच्या कृपेचे नव्हे. नहेम्याच्या पुस्तकाचे उदाहरण घ्या. जेरुसलेमचा तट बावन्न दिवसांत बांधून झाला. शत्रूची चाहूल लागली काय, दगड वेळेत पोहोचले काय, हे फाशांवर सोडता येईल. परंतु पाचव्या अध्यायात गरीब बांधव सावकारांविरुद्ध आक्रोश करतात. काम थांबवून त्यांना न्याय द्यावा काय, याचे उत्तर फाशांनी देऊ नये. ते खेळाडूंनी आपसांत विचार करून द्यावे. खेळाचा खरा धर्मशिक्षणाचा क्षण तोच होय.

धर्मशिक्षण वर्गासाठी असा खेळ रचू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. येशू ख्रिस्ताची भूमिका कोणा खेळाडूकडे देऊ नये. ख्रिस्ताला भेटणाऱ्या सामान्य माणसांच्या भूमिका द्याव्यात. आणि खेळ संपल्यावर मूळ उतारा सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा. आपण घेतलेला निर्णय व पवित्र शास्त्रातील निर्णय यांतील अंतर मुलांना तेव्हा आपोआप दिसते.