वाकण्याचे गणित



आषाढी वारीला निघालेली ज्ञानोबांची पालखी आळंदीहून दिघीवरून आपल्या विश्रांतवाडीत येते, तेव्हा रस्त्याकडेच्या सज्जांवर माणूस मावत नाही. माझी नजर मात्र पालखीआधी त्या सज्जांच्या खालच्या अंगाला जाते. धंद्याचा दोष, दुसरे काय!

भिंतीतून पुढे आलेला सज्जा भाराने वाकतो, तेव्हा त्याचा वरचा थर ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब सोसते, पण ताणाला फार दुबळे. तो सळ्यांनी घ्यायचा, आणि सज्जात त्या वरच्या अंगाला हव्यात. इथवर मतभेद नाही. सळई किती आणि जाडी किती, इथे संहितांच्या वाटा फुटतात.

भारतीय मानक संस्था 1947 साली निघाली आणि 1953 साली तिने सलोह काँक्रीटची 456 क्रमांकाची संहिता काढली. तिचा विचार जपून खर्च करणाऱ्या गृहस्थाचा होता. नित्याच्या भाराखाली मालावर पडणारा ताण त्याच्या शक्तीच्या ठराविक अंशाबाहेर जाऊ द्यायचा नाही. आजच्या एम 20 काँक्रीटची शक्ती 20, तर या रीतीने वाकण्यात त्याला 7 ची मुभा. पण ही रीत काँक्रीटला स्प्रिंगसारखे धरते, आणि मोडण्याच्या सुमारास ते तसे मुळीच वागत नाही. म्हणजे सज्जा नेमका किती भाराला कोसळेल, हे ती सांगतच नव्हती!

अमेरिकेत व्हिटनी यांनी 1937 साली मोडतेवेळच्या दाबाचा सोपा चौकोनी आकार सुचवला. 1956 साली तिथल्या संहितेने ही रीत परिशिष्टात घेतली, आपण 1964 साली. 1978 साली आपण आणखी पुढे गेलो. भार दीडपट धरावा, काँक्रीटची शक्ती दीडाने आणि पोलादाची 1.15 ने भागावी, आणि वाक व तडे निराळे तपासावेत. अमेरिकन मंडळी मालाला हात न लावता तुळईच्या एकूण शक्तीतूनच, वाकण्यापुरता, दहावा हिस्सा कापतात. शिवाय ते काँक्रीट नळकांड्यात दाबून पाहतात, आपण घनात. त्यांचा आकडा आपल्या सूत्रात तसाच घालणारा फसलाच म्हणून समजा.

नव्या रीतीने माल वाचतो, असे सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहू. एम 20 काँक्रीट, 415 ची सळई, रुंदी तीच, भार तोच. दोन्ही रीतींत मर्यादेपर्यंत गेल्यास जुन्या रीतीला 500 मिलिमीटर प्रभावी खोली लागते, नव्या रीतीला साडेतीनशेच्या आसपास. पण सळई सुमारे दीडपट लागते! बारीक झालेली तुळई लवतेही जास्त. तो निराळा तपास उगाच आलेला नाही. 2000 सालच्या आवृत्तीत जुनी रीत परिशिष्टात गेली. माझ्या मते ते योग्यच झाले, जरी तिने बांधलेली घरे अजून उभी आहेत.

आता पुन्हा सज्जाकडे. सव्वाशे मिलिमीटर जाडीचा सज्जा, त्यात प्रभावी खोली शंभर. काँक्रीट ओतताना गडी वरच्या सळ्यांवर उभा राहतो, आणि त्या पंचवीस मिलिमीटर खाली बसतात. सज्जाची जवळजवळ पाव शक्ती तिथेच गेली. गणित जुन्या रीतीचे असो वा नव्या, ते सळई जागेवर आहे असे धरूनच केलेले असते. 2000 ची संहिता 200 मिलिमीटरपर्यंतच्या प्रभावी खोलीत 10 मिलिमीटरांचीच चूक माफ करते.