साथीच्या काळातील दुकानदार : सेवा अत्यावश्यक, संरक्षण अपुरे

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगाला ठाऊक आहे ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. ‘जीएमआरटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाच्या ३० अँटेनांपैकी १४ अँटेना खोडदच्या परिसरात उभ्या आहेत. परंतु अशा गावाचाही दैनंदिन व्यवहार चालतो तो किराणा, रेशन, दूध आणि पशुखाद्य यांच्या छोट्या दुकानांवरच. नारायणगाव ही येथील जवळची मोठी बाजारपेठ. कोविडच्या साथीत रस्ते ओस पडले, तेव्हा खोडदसारख्या शेकडो गावांची मदार गल्ल्यावर बसलेल्या माणसावर होती. त्याची सेवा सरकारने अत्यावश्यक ठरवली. त्याच्या संरक्षणाचा विचार मात्र तितक्याच तत्परतेने झाला नाही.

टाळेबंदी आणि दुकाने

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. केंद्राच्या आदेशातून रेशन, किराणा, भाजीपाला व फळे, दूध, मांस-मासळी, पशुखाद्य आणि औषधे यांची दुकाने वगळण्यात आली होती. दुकानांसमोर चुन्याने वर्तुळे आखली गेली, गल्ल्यापुढे दोरी किंवा प्लास्टिकचा पडदा आला. छोट्या दुकानाची अडचण मात्र निराळी होती. तेथे मालक हाच विक्रेता, हमाल आणि हिशेबनीस असतो. त्याला विलगीकरणात जावे लागले तर दुकानाला कुलूप लागते आणि उधारीच्या वहीवर महिना काढणाऱ्या कुटुंबांचा आधार तुटतो. गिऱ्हाईकही ओळखीचे असते. मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्या शेजाऱ्याला पायरीवरून माघारी पाठवणे सोपे नव्हते.

रेशन दुकानावरील ताण

सर्वाधिक वर्दळ रेशन दुकानांत झाली. पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली एप्रिल २०२० पासून लाभार्थ्यांना नेहमीच्या धान्याशिवाय दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. त्यामुळे वाटपाचे काम जवळजवळ दुपटीने वाढले. त्यातच धान्य देताना शिधापत्रिकाधारकाचा अंगठा पॉस यंत्रावर घ्यावा लागे. एकाच यंत्राला गावाचा हात लागणे धोक्याचे होते. म्हणून राज्य सरकारने काही काळ दुकानदाराच्या स्वतःच्या अंगठ्यावर वाटप करण्याची सवलत दिली. साध्या वाटणाऱ्या या निर्णयाने धोका प्रत्यक्ष कमी झाला. कामाची पद्धत बदलली तर संरक्षण मिळू शकते, याचा हा चांगला दाखला होय.

धोका किती?

अमेरिकेतील बोस्टन येथे मे २०२० मध्ये एका किराणा भांडारातील १०४ कर्मचाऱ्यांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे २० टक्के बाधित आढळले आणि बाधितांतील सुमारे तीनचतुर्थांश जणांना कोणतीही लक्षणे नव्हती. ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्यांत बाधा होण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. हा अभ्यास एकाच भांडारापुरता होता. तरी विक्रेत्यांचा अनुभव त्याहून वेगळा नव्हता. भारतात त्याच महिन्यात नवी मुंबईतील वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. अहमदाबादेत दूध व औषधे वगळता सारी दुकाने काही दिवस बंद करण्यात आली. तेथील भाजीवाले व किराणा दुकानदार यांच्यावर ‘सुपर स्प्रेडर’ असा शिक्का बसला. संसर्ग त्यांना गिऱ्हाइकांकडूनच होत होता, ही बाजू त्या शब्दात झाकली गेली.

लस आणि विमा

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने मार्च २०२० अखेर ५० लाख रुपयांची विमा योजना सुरू केली. किराणा दुकानदार तीत नव्हते. रेशन दुकानदारांच्या संघटनांना विमा संरक्षणाची मागणी लावून धरावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्य कर्मचारी आणि फेब्रुवारीपासून पोलीस, पालिका व महसूल कर्मचारी यांचा क्रम लागला. दुकानदारांना आपल्या वयोगटाची वाट पाहावी लागली. एप्रिल २०२१ मधील ‘ब्रेक द चेन’ आदेशात राज्याने दुकानातील सर्वांनी केंद्राच्या निकषांनुसार लवकर लस घ्यावी असे सांगितले. पण त्या वेळी ४५ वर्षांखालील विक्रेत्याला लस उपलब्धच नव्हती. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले आणि तुटवड्यामुळे राज्याला ते काही काळ थांबवावे लागले. त्याआधी २० एप्रिलपासून किराणा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ अशी केली गेली. वेळ घटली, तरी चार तासांत गर्दी एकवटण्याचा भार गल्ल्यावरच पडला.

जुना धडा

धान्याचा व्यापार आणि साथ यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगचे पहिले रुग्ण आढळले ते मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. धान्यावर उंदीर, उंदरांवर पिसवा आणि पिसवांतून रोग, अशी ती साखळी होती. त्याच साथीतून १८९७ चा साथरोग कायदा जन्माला आला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. या कायद्याने शासनाला निर्बंध घालण्याचे व्यापक अधिकार दिले. २०२० मधील दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षाही ठरवली. सक्तीने उघड्या राहणाऱ्या दुकानांतील माणसांचा उल्लेख मात्र त्यात आला नाही. दुकाने व आस्थापना यांच्यासाठीचा राज्याचा २०१७ चा कायदाही साथीच्या काळी प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. गावातील दुकान त्या चौकटीबाहेरच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. चुन्याची वर्तुळे त्याआधीच पुसली गेली होती. पुढच्या साथीत अत्यावश्यक सेवांची यादी पुन्हा निघेल आणि किराणा व रेशनची दुकाने तीत असतीलच. लस, विमा आणि सुरक्षित कार्यपद्धती यांच्या यादीतही त्यांचे नाव त्याच दिवशी यावे, एवढी तरतूद साथ नसतानाच करून ठेवता येण्याजोगी आहे.