आचंद्रार्क

भिवंडीहून कल्याणच्या वाटेनें निघालें कीं टेमघर लागतें. आज या बाजूस यंत्रमागांचा खडखडाट आणि मालमोटारींची रहदारी. प्राचीनतेची खूण शोधूं जाणारा मनुष्य येथून निराशच परतावयाचा. परंतु याच भिवंडी तालुक्यांत, लोणाड व चौधरपाडा येथें, उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे शिलालेख मिळाले आहेत. पहिला अपरादित्याच्या काळचा, शके ११०६ चा. दुसरा केशिदेवाचा, शके ११६१ म्हणजे इ. स. १२४० चा.

अशा दानाच्या शिळांस आपल्याकडे ‘गधेगाळ’ म्हणतात. माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्यें लेख, आणि तळाशीं गाढव व स्त्री यांचें असें चित्र कीं पाहणारानें मान फिरवावी. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावें, हा वरच्या खुणेचा अर्थ. दान मोडील त्याच्या मातेची ही विटंबना होवो, हा खालच्या चित्राचा. ज्यास अक्षर येत नसे त्यासहि ही शिळा वाचतां येई. मात्र अपराध एकाचा आणि शाप निरपराध स्त्रीस, हा न्याय त्या काळीं कोणास खटकला नसावा, याचीहि नोंद याच दगडानें नकळत करून ठेविली आहे.

आतां काळाचा विनोद पाहावा. चौधरपाड्याच्या लेखावर पुरीं तीस वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच देवगिरीच्या महादेव यादवानें शिलाहारांचें राज्य बुडविलें. शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रांत बुडाला, असें हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून कळतें. ही घटना इ. स. १२६५ च्या सुमाराची. चंद्र-सूर्य राहिले, दानाचें रक्षण करणारें छत्र मात्र राहिलें नाहीं.

बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत, त्यांचा संबंध कांहीं संशोधक याच युद्धाशीं अनुमानानें जोडतात. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाशीं रणांगण व मृत्यु, त्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. एकसरच्या कांहीं शिळांवर वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. आपल्या आरमारी इतिहासाचें इतकें जुनें आणि इतकें स्पष्ट चित्र विरळाच. परंतु लेख झिजून गेले आहेत. लढणारांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत.

राजानें नांव कोरविलें तें टिकलें, आज्ञा टिकली नाहीं. वीराचें नांव गेलें, पण त्याचें मरण अजून पाहतां येतें. दगड स्मृति राखतो खरा, पण कोणती राखावी हें कोरविणाराच्या हातीं नसतें. मात्र दगडच राखावयाचा कीं नाहीं, हें आपल्या हातीं आहे. गांवोगांवीं असे वीरगळ शेंदूर माखून, कोठें उपेक्षेनें आडवे होऊन, ऊनपाऊस खात पडले आहेत. पुढील सुटींत मुलांस घेऊन एखाद्या देवळामागें डोकवावें, व तेथें अशी शिळा दिसल्यास ती खालून वर वाचून दाखवावी. त्या अनामिक वीराचें एवढें ऋण तरी आपणांस फेडतां येईल.