आधी बाई, मग प्रश्नावली

१९८९ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांबद्दलचा एक लेख छापून आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांना तपासलं होतं. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका किती, तर फक्त ८ टक्के. स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरून चाललेल्या तज्ज्ञांना हा मोठा हादरा होता.

हे आकडे नंतर असंख्य ठिकाणी उद्धृत झाले. ते मिळवण्याआधी काय करावं लागलं, याची चर्चा मात्र त्यामानाने कमी होते. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास या गोष्टी बाई नवऱ्यालाही सांगत नाही. मग शहरातून आलेल्या अनोळखी माणसाला ती का सांगेल? गडचिरोलीत आधी गावाशी बोलणं झालं, बायकांची तयारी आहे का ते पाहिलं गेलं, घरोघरी निरोप घेऊन बाईच गेली, तपासायलाही बाईच होती. आणि ज्यांना आजार निघाला त्यांच्या औषधोपचाराची सोय केली गेली. दुखणं विचारायचं तर त्यावर इलाजाची तजवीज आधी हवी. ही अट आज संशोधनाच्या आचारसंहितांमध्ये कलम म्हणून छापलेली दिसते. त्या वेळी ती कामाच्या ओघात पाळली गेली.

गडचिरोलीच्या या पद्धतीमागचा इतिहास असा, की बाईच्या शरीराविषयी चौकशी फार जुनी आहे, पण ती बाईकडेच करायची पद्धत तशी नवी. लग्नाच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा १९२८ साली सरकारने मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली. समितीत रामेश्वरी नेहरू होत्या, एक इंग्रज स्त्री डॉक्टरही होत्या. देशभर फिरून समितीने साक्षी घेतल्या आणि तिच्या अहवालामागोमाग १९२९ चा शारदा कायदा आला. काम मोलाचंच होतं. पण बोलणारे बहुतेक डॉक्टर, वकील, सुधारक आणि महिला संस्थांच्या पदाधिकारी होते. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती अकरा-बारा वर्षांची सासुरवाशीण त्या कागदांत इतरांच्या तोंडून बोलते.

स्वातंत्र्यानंतर थेट बाईला विचारायला सुरुवात झाली, पण विचारायचं काय हे आधीच ठरलेलं असे. मुलं किती, आणखी हवीत का, साधन वापरता का. लोकसंख्या आटोक्यात आणायच्या घाईत प्रश्नावल्या तयार होत होत्या. मग आणीबाणी आली. १९७६ च्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकांना धरून नसबंदी केल्याचा प्रकार घडला. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केलं. पुढे ते अमलात आलं नाही, पण खेड्यापाड्यांतली धास्ती राहिली. रजिस्टर काखेत मारून दारात आलेला माणूस काय घेऊन जाईल याचा नेम नाही, असं लोकांना वाटू लागलं असेल तर त्यात त्यांचा काय दोष?

कागदाची भीती तर याहून जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. वाचता न येणाऱ्या माणसाने निशाणी केली की जमीन जाते, हे इथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. अशा गावात संशोधक बाईपुढे संमतिपत्र ठेवतो आणि शाईचा पॅड पुढे सरकवतो. संशोधकाच्या लेखी ते तिच्या हक्काचं संरक्षण असतं, तिच्या लेखी मात्र तो अंगठा असतो. म्हणून निरक्षर बाईला मजकूर वाचून दाखवणं, तिच्या बाजूचा आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवणं, प्रसंगी तोंडी संमती नोंदवून घेणं, या वाटा हळूहळू मान्य झाल्या. संमती म्हणजे सही नव्हे, हे पटायला संशोधनाच्या जगाला बराच काळ लागला.

नव्वदच्या दशकात चित्र पालटू लागलं. बायकांच्या संघटनांमधून आलेल्या कार्यकर्त्या संशोधन करू लागल्या होत्या आणि त्यांना आपण ज्यांच्यात राहतो त्यांनाच प्रश्न विचारायचे होते. पुरंदर तालुक्यात 'मासूम' ही संस्था उभी करणाऱ्या मनीषा गुप्ते यांनी सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांच्यासोबत ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांशी गर्भपाताविषयी केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गर्भपात म्हणजे गावात कुजबुजीचा विषय. बायकांनी जे सांगितलं ते डोळे उघडणारं होतं. सरकारी दवाखान्यात कमी खर्चात होणारं काम सोडून त्या पदरमोड करून खासगी डॉक्टरकडे जात, कारण तिथे बोभाटा होत नसे आणि नवऱ्याची सही मागितली जात नसे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा सज्ञान बाईची फक्त स्वतःची संमती मागतो. नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात कुठेही नाही, ती दवाखान्यांनी लावलेली होती.

ही गोष्ट संशोधनालाही लागू पडते. सासूची किंवा नवऱ्याची परवानगी घेतली म्हणजे बाईची संमती मिळाली, असं समजून कितीतरी मुलाखती झाल्या असतील. घरात पाऊल टाकायला घरच्यांचा होकार लागतो, हे खरंच आहे. पण त्या होकारानंतर बाईला एकटीला, पुन्हा, स्पष्ट विचारावं लागतं, आणि तिने 'नको' म्हटलं तर तिला घरच्यांच्या बोलण्याला तोंड द्यावं लागू नये अशा बेताने उठावं लागतं.

अशा अनुभवांतून मुंबईच्या 'सेहत' या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय समिती बसली आणि २००० साली आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, जैववैद्यकीय संशोधनाची तत्त्वंही त्याच वर्षीची. औषध टोचल्याने इजा होते हे सगळ्यांना कळतं. नुसत्या प्रश्नानेही इजा होऊ शकते, हे मान्य करून त्यावर स्वतंत्र नियम लिहिले गेले, हे मुंबईतल्या त्या कामाचं मोठेपण.

त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला, निकाराग्वात, एक विलक्षण गोष्ट लक्षात आली होती. लिओन शहरातल्या १९९५ च्या अभ्यासात ५२ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून मार खाल्ल्याचं सांगितलं. मानाग्वातल्या अभ्यासात हे प्रमाण ६९ टक्के होतं. १९९८ च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र फक्त २८. संशोधक मेरी एल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तफावतीचा शोध घेतला. मारझोड कमी झाली नव्हती, बायकांनी कमी सांगितलं होतं. मुलाखत घेणारीची तयारी किती, आडोसा मिळाला का, बाईला सुरक्षित वाटलं का, यावर उत्तर ठरत होतं. नैतिकता पाळली तर संशोधन कच्चं राहतं, अशी जी कुरकुर तोवर ऐकू येत असे, तिला हे चोख उत्तर होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घरगुती हिंसाचाराच्या संशोधनासाठी सुरक्षिततेच्या सूचना काढल्या आणि १० देशांतल्या २४,००० हून अधिक बायकांच्या मुलाखतींत त्या वापरल्या. एका घरातून एकाच बाईशी बोलायचं, म्हणजे जावा-जावांत किंवा सासू-सुनेत प्रश्नांची चर्चा होणार नाही. गावात अभ्यासाचं नाव सांगायचं ते बायकांच्या आरोग्याचं. कोणी मध्येच आलं तर दुसऱ्या, साध्या प्रश्नांचा कागद हाताशी तयार. नवरा दारात उभा राहिला की मारझोडीचा विषय तिथेच थांबतो आणि आहाराची किंवा पाळीची विचारपूस सुरू होते. बाईलाही हे आधीच सांगितलेलं असतं, त्यामुळे ती न गोंधळता उत्तर देते. लहानपणी कुणी नको ते केलं का, हा प्रश्न तर शेवटी एका चित्रावर सोपवला जाई. एक हसरा चेहरा, एक रडवेला. बाई कुणाला न दाखवता खूण करते, कागद पाकिटात बंद होतो. तोंडून शब्द निघत नाही तिथे बोट पोचतं.

आपल्याकडे २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही अशीच काळजी घेतली गेली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती पार पाडली. हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि तेही एकांत मिळाला तरच. मिळाला नाही तर तो भाग कोरा सोडायचा. आकड्यांवर चालणाऱ्या पाहणीने कोरी जागा पत्करावी, ही लहान गोष्ट नव्हे.

पण एकांत म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायकांशी बोलायचं तर कुठे? फडात पहाटेपासून कोयता चालतो. खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल नवरा-बायकोने मिळून घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत शब्द मुकादमाचा चालतो. संशोधक मुकादमाच्या ओळखीने तिच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, पोचला, तर बाईच्या 'हो' ला कितपत अर्थ उरतो? म्हणून हंगाम संपून ती गावी परतल्यावर भेटणं बरं. बुडालेला रोज भरून द्यावा, की तसं केल्यास पैशांपोटीच ती तयार होईल, यावरही मतभेद आहेत. पण रोजंदारीवर जगणारीचा दिवस फुकट घेणं हा जास्त मोठा अन्याय आहे.

अलीकडे एक नवा पेच उभा राहिला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला मिळाली त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. बालविवाहात गरोदर राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला संशोधक 'तू सांगशील ते आपल्यातच राहील' असा शब्द कसा देणार? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, तिची ओळख उघड न करण्याची मुभा दिली. संशोधकाला तशी मुभा नाही. त्यामुळे गुप्ततेची हद्द कुठपर्यंत आहे ते पहिल्या प्रश्नाच्या आधीच मुलीला तिच्या बोलीत समजावून सांगावं लागतं. ते ऐकून ती गप्प झाली, तर वही मिटून उठावं लागतं आणि जाण्यापूर्वी जवळच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता तिच्यापर्यंत पोचेल असं पाहावं लागतं.